आडनावातला ळ

पोळ्यांच्या कामात एक लाटणारी लागते आणि एक भाजणारी. दोघींचा हात जुळला तर काम पुढे सरकतं, नाहीतर एकीच्या पोळ्या पोळपाटावर वाळतात किंवा दुसरीचा तवा रिकामा जळतो. माझा हात जिच्याशी जुळला ती बाई ब्रह्मदेशातली, रोहिंग्या. गाव जाळलं तेव्हा पळाली, बांगलादेशातल्या छावणीत बरीच वर्षं राहिली आणि तिथून इथे न्यू जर्सीत आली. मी वर्ध्याकडची. धाकट्या भावाने मला इथे आणलं. त्याची शाळा चालू राहावी म्हणून माझी चौथीत थांबली होती, ते तो विसरला नाही. इथला नागरिक झाल्यावर त्याने माझ्यासाठी अर्ज केला. तो मंजूर होईपर्यंत माझा नवरा वारला होता आणि केस पांढरे झाले होते.

ते किचन एडिसनला आहे, ओक ट्री रोडच्या मागच्या अंगाला, एका गॅरेजला लागून. मालकीण पुण्याची. पोळ्या, पुरणपोळ्या, थालीपीठं करून ती दुकानांना देते. पुड्यावर ‘घरची पोळी’ असं छापलेलं असतं. भावजयीने मला तिथे नेलं. म्हणाली, "ताई, दिवसभर तुम्ही खिडकीतून रस्ता बघता, आणि रस्त्यावर तर कुणी चालतही नाही. चार माणसांत जाल, बरं वाटेल."

मालकिणीने विचारलं, "नागपूर साइडच्या ना? छान. मी तुम्हाला मावशीच म्हणणार हं."

आडनाव विचारलं नाही. मला बरं वाटलं. पगार देताना तिला ते कळलंच असेल, पण तोंडाने कुणी उच्चारलं नाही तोवर जणू ते नव्हतंच. किचनमध्ये मी मावशी होते आणि मावशीला आडनाव लागत नाही.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "पोया झाल्या, कुठं ठेवू?" मालकीण हसली. वाईट हसली नाही, पण हसली. "मावशी, पोया नाही हो, पोळ्या. निदान कस्टमरसमोर तरी." आमच्याकडे ळ नाही. काळा तो काया, केळं ते केयं. शाळेत गुरुजींनी पट्टी मारून माझ्या तोंडून ळ काढून घेतला होता, पण शाळा सुटली तसा तोही सुटला. मग इतक्या वर्षांनी भावाच्या घरी न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून, मी पोळी, पोळी, पोळी म्हणत बसे. भाची बाहेरून विचारायची, "आत्या, आर यू ओके?"

ती रोहिंग्या बाई माझ्यानंतर आली. निर्वासितांना घर आणि काम बघून देणारी एक संस्था आहे, तिच्या माणसाने आणून सोडली. पहिले काही महिने संस्था घरभाडं देते, पुढे ज्याचं त्याने बघायचं. तिचा नवरा छावणीत असताना बांधकामावरून पडला होता. कंबर गेली. तो खोलीत पडून असतो. त्याला उठवणं, बसवणं, खाऊ घालणं तिच्याकडे. गाडी नाही. इथे ज्याला गाडी नाही त्याला काम नाही. मोठमोठ्या गोडाऊनमध्ये कामं आहेत म्हणतात, पण तिकडे बस जात नाही, गेली तर परतीची नसते. हे किचन तेवढं तिच्या पायांना जवळ होतं. पहिल्याच आठवड्यात तिने मला सांगितलं, "मोशी, ये काम गेला तो सब गेला." मावशीचं तिने मोशी केलं होतं. हिंदी तिला सिनेमे बघून येत होती, मराठी आमच्यात राहून यायला लागली. दोन्हीची ती कणीक मळायची आणि मला सगळं कळायचं.

मी मुळात कमी बोलते. घरात सगळे माझ्याशी चांगले वागतात, पण त्यांचं बोलणं माझ्या डोक्यावरून जातं आणि माझं त्यांना जुनं वाटतं. तिच्याशी मात्र मी बोलायचे. हात चालू असायचे, डोळे पोळीवर, त्यामुळे लाज वाटायची नाही.

एकदा तिने विचारलं, "मोशी, तुझे लोग खुद का नाही बनवत पोली?"

"त्यांना ऑफिस असते."

"ऑफिसमध्ये काय बनवते?"

"मले काय माहीत? माहा भाऊ बी तेच बनवते."

ती इतकी हसली की पोळी जळली. पलीकडच्या तव्यावरच्या दोघी गुजराती बायका वळून बघायला लागल्या.

छावणीतलंही ती सांगायची. तिथे निर्वासितांना कामाला जायची परवानगी नसते. पण पोट परवानगी विचारत नाही. समुद्राकाठी मासळी सुकवण्याच्या जागा होत्या. तिथल्या गावच्या बाया मासळी चिरायच्या, निवडायच्या, उन्हात पसरायच्या. छावणी आली तसा मुकादम छावणीच्या तारेजवळ यायला लागला. गावच्या बाईला जो रोज द्यायचा त्याच्या अर्ध्यात या जायच्या. परवानगी नाही म्हणून तक्रारही करता येत नव्हती, मुकादमाला तेच हवं होतं. एक दिवस गावच्या एका बाईने मासळी धुतलेलं पाणी हिच्या अंगावर फेकलं. म्हणाली, तुमच्यावर दया केली, घर मांडायला जागा दिली, आणि तुम्ही आमचाच भाव पाडला.

मी म्हटलं, "मंग तू काय म्हटलं?"

"काय म्हणणार? सच होता."

मला माझी आई आठवली. आमच्याकडे जिनिंगमध्ये बाया कापसातली कवडी निवडतात, म्हणजे किडका, पिवळा कापूस वेगळा काढतात. आई त्या कामाला होती, चौथीनंतर मीही गेले. एका वर्षी ठेकेदाराने परमुलखातून बाया आणल्या. दुष्काळातून आलेल्या, अंगावर धड लुगडं नाही, ठेकेदार देईल ते घेणाऱ्या. आमचा रोज उतरला. आमच्या बाया त्यांना म्हणायच्या, "आल्या भाव पाडणाऱ्या." आई तर त्यांना आमच्या माठाला हात लावू देत नव्हती. माझी आई, जिला स्वतःला जन्मभर लोकांनी माठाला हात लावू दिला नव्हता. मी हे माझ्या जोडीदारणीला सांगितलं तेव्हा तिने माठ म्हणजे काय ते विचारलं. माठाचं सांगितलं. हात का लावू देत नाहीत ते विचारलं. ते मला हिंदीत सांगता येईना आणि मराठीतही सांगावंसं वाटेना.

एका रविवारी ती माझ्याकडे आली. म्हणजे भावाकडे. दाराशेजारच्या टपालाच्या पेटीवर आमचं आडनाव इंग्रजीत लिहिलेलं आहे. हे काय, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, हे आमचं आडनाव, सगळ्या घराचं मिळून एक नाव, लग्नानंतरही माझ्या कागदांवर तेच राहिलं. तिला नवल वाटलं. त्यांच्यात तसं नसतं.

"घरला बी नाव! आमच्या मुलुकमध्ये माणसाचं नाव लिहून घेत नव्हते," ती म्हणाली. मग त्या अक्षरांवरून बोट फिरवत तिने ते दोन-तीनदा म्हणून बघितलं. "अच्छा है."

भाऊ आतून ऐकत होता. त्याला फार आनंद झाला. या आडनावाची लाज बाळगायची नाही असं तो मुलीला नेहमी सांगतो. जयंतीला तो भाषण करतो.

मग गौरी-गणपती जवळ आले. तिकडच्या एका मराठी मंडळाने पुरणपोळ्यांची मोठी ऑर्डर द्यायची ठरवली, पण नैवेद्याच्या पोळ्या म्हणून त्यांच्या बायका आधी किचन बघायला येणार होत्या. मालकीण दोन दिवस ओटे घासून घेत होती. मग तिने माझ्या जोडीदारणीला बाजूला घेतलं आणि टिकल्यांचं पाकीट दिलं.

"फक्त त्या येऊन जाईपर्यंत. प्लीज. कुणी विचारलं तर नागपूरची म्हणायचं. बाकी काही बोलायचंच नाही, हसायचं. ओके?"

ती आरशापुढे टिकली लावून आली आणि मला म्हणाली, "मोशी, एवढीशी है. अल्ला लई वरून बघतो, त्याला नाही दिसणार." मी हसले. नंतर पाठ फिरवून तिने डोळे पुसलेले मला दिसले, की घाम पुसला, कोण जाणे. तवा तापलेला होता.

तीन बायका आल्या. नीटनेटक्या, बोलायला गोड. केसांना जाळी, हातात मोजे घालायला सांगितले तर लगेच घातले. पुरण चाखलं. "वा! मालतीबाई म्हणून होत्या आमच्या शेजारी, सेम टेस्ट," असं काहीतरी एक म्हणाली. दुसरीने फोटो काढले. जरा वयस्क होती ती तव्यापाशी आली. माझ्याकडे बघून हसली, मग तिच्याकडे.

"काय छान फुगतात हो तुमच्या! कुठल्या तुम्ही?"

"नागपूरची," ती म्हणाली. बरोबर म्हणाली.

"अय्या, माझं माहेर नागपूर! नागपुरात कुठे?"

ती हसली. शिकवल्याप्रमाणे हसली. ती बाई थांबली नाही. आपल्या माणसांना दुसरं काही सुचत नाही. समोर मराठी माणूस आलं की गाव, आणि गावामागून ते.

"आणि आडनाव काय?"

मालकिणीने सगळं शिकवलं होतं, हे राहिलं होतं. माझं लाटणं थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मी काहीतरी बोलावं, पण माझ्या तोंडून परक्यांसमोर शब्द फुटत नाही, तेव्हाही फुटला नाही. आणि मग तिचा चेहरा खुलला. तिला एक मराठी आडनाव येत होतं. तिने ते अगदी स्वच्छ सांगितलं. माझं.

त्या बाईचं हसू तिथेच राहिलं, फक्त त्यातून काहीतरी निघून गेलं.

"अच्छा," ती म्हणाली. "अच्छा, अच्छा. म्हणजे तुम्ही त्या... छान."

फोटो काढणारी पटकन म्हणाली, "आमच्या ऑफिसमध्ये पण आहेत एक, त्याच. खूप हुशार आहेत."

"नाही, नाही, हल्ली तसं काही नसतंच," तिसरी म्हणाली.

कुणी काही विचारलं नव्हतं. मग त्या मालकिणीला म्हणाल्या, आम्ही कळवतो हं. हातातले मोजे काढून त्यांनी डब्यात टाकले.

त्या गेल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मोशी, ठीक बोलली ना?" मुसलमान म्हणून आपण ओळखले जाऊ एवढीच तिला भीती होती. ती टळली म्हणून ती खूश होती. मी म्हटलं, ठीक बोलली. दुसरं काय म्हणणार होते? या जगात लपण्यासाठी तिला एक घर सापडलं होतं, आणि ते घर कुठल्या वस्तीत आहे ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालकिणीने मला बाहेर, गाड्या लावायच्या जागेत बोलावलं. ऊन होतं. तिने आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

"मावशी, मला विचाराल ना, तर पुरण कुणी शिजवलं याने मला काडीचा फरक पडत नाही. यू नो मी. पण त्यांच्यातल्या एकीच्या सासूबाई आल्यात इंडियाहून. नैवेद्याचं म्हटलं की या बायका... मला पण राग येतो यार. पण एवढी ऑर्डर कॅन्सल झाली तर मी किचनचं रेंट कुठून भरू?"

मी मान हलवली.

"मी त्यांना सांगितलं, ती बावचळली, दुसऱ्या एका मावशींचं नाव सांगून बसली. तिचं आडनाव वेगळंय. आणि त्या मावशी आता आमच्याकडे नसतात." ती गाड्यांकडे बघायला लागली. "म्हणजे थोडे दिवस, मावशी. सीझन होईपर्यंत. नंतर बघू."

मला वेळ लागला, पण कळलं. माझं आडनाव किचनमधून काढायचं, तर ते जिचं आहे तिलाही काढायला हवं होतं. ती राहणार होती. तिचं नाव बदलता येत होतं, कारण तिला ते नव्हतंच. माझं बदलता येत नव्हतं.

"तिचा रोज तोच ना?" मी विचारलं. माझ्या तोंडून एवढंच आलं.

"ती लाटायला शिकेल आता, म्हणजे शिकाऊच झाली ना. थोडं ॲडजस्ट करावं लागेल. तिला पण चालतंय."

तिला काय चालत नव्हतं?

भावाला सांगावंच लागलं. तो ताडकन उठला. असं मी त्याला लहानपणापासून कधी बघितलं नव्हतं. इथे हे चालत नाही, म्हणाला, मी बोलतो, मी लिहितो, त्या मंडळात माझ्या ओळखीचे लोक आहेत. तो बोलत होता ते सगळं खरं होतं. तो फोन घेऊन फेऱ्या मारत होता आणि मी सोफ्याच्या कडेला बसून त्याचा हात धरायला बघत होते.

"नको करू."

"काहून नको, ताई?" रागात तो गावचं बोलायला लागला होता. "आपल्या माणसानं इथं येऊन बी हेच सोसावं?"

"तू बोलशील त ते चौकशी करतीन. ती कोण हाये ते निघन. तिचं काम बी जाईन."

"आणि तुझं?"

भावजय म्हणाली, "ताई, घरात काय कमी आहे तुम्हाला? सोडा ना ते." ती प्रेमाने म्हणाली. घरात खरंच काही कमी नव्हतं. भाऊ फोन ठेवून दुसऱ्या खोलीत गेला. त्यानंतर तो तो विषय काढत नाही. जयंतीच्या भाषणाचा कागद त्याने या वर्षी मला वाचून दाखवला नाही.

कामावरच्या माझ्या शेवटच्या दिवशी ती आणि मी किचनमागच्या बाकड्यावर बसलो होतो. तिला आता सगळं कळलं होतं, म्हणजे जेवढं सांगता आलं तेवढं. ती म्हणाली, "मी बी येते. नाही करत काम."

"येशील त कुठं जाशील? नवऱ्याले पाठीवर घेऊन जाशील?"

"मोशी, मी तुझा भाव पाडला."

"तू नाही पाडला."

"तर कोणी पाडला?"

मी त्या गॅरेजकडे बघत बसले. माझ्या आईला तरी कुठे कळलं होतं? तिला समोरची बाई दिसत होती, तिलाच तिने शिव्या दिल्या.

मालकिणीने तिला नवं आडनाव दिलं होतं. मोठ्या घराण्याचं, पुण्याकडचं. ती ते पाठ करत होती. त्यात एक ळ होता आणि तिला ळ येत नव्हता. तिच्या तोंडून ल यायचा, आणि ल आला की आडनावच भलतं व्हायचं. तिने मला विचारलं, "मोशी, ठीक बोलते का?"

मी तिला म्हटलं, जीभ वर घे, टाळूला लाव, मागे वळव आणि सोड. माझ्याही घरातला तो आवाज नव्हे, मीसुद्धा न्हाणीघरात शिकले होते. ती बोट गालावर ठेवून, डोळे मिटून म्हणायची. ल. ल. चार वेळा ल आला, मग ड आला. मग एकदम आला. मी तिला ते आडनाव पूर्ण म्हणायला लावलं. परत लावलं. कुणी अचानक विचारलं तर? मी तिला अचानक विचारलं, "आडनाव काय?" तिने न चुकता सांगितलं आणि लहान मुलीसारखी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, शाबास. आत मालकीण नव्या बाईला तवा दाखवत होती.

त्यानंतर मी घरी आहे. भाऊ-भावजय सकाळी जातात, भाची शाळेत जाते. जोडीदारणीला फोन करावा तर तिचा फोन कामावर बंद असतो आणि घरी नवरा उचलतो, त्याला माझी भाषा येत नाही. रविवारीही आता ती कामावर असते. सीझन संपला. नंतर बघू म्हणाली होती, त्या मालकिणीचा फोन आला नाही. मी वाटही बघितली नाही असं म्हणावंसं वाटतं, पण बघितली.

मागच्या महिन्यात भावजयीबरोबर ओक ट्री रोडच्या दुकानात गेले होते. दाराजवळ टेबल मांडून माझी जोडीदारीण उभी होती. नवी साडी, टिकली, पुढ्यात ‘घरची पोळी’चे पुडे आणि चवीला कापून ठेवलेले तुकडे. मालकीण तिला आता लोकांसमोर उभी करत होती, म्हणजे काम पक्कं झालं होतं. तिच्याभोवती मराठी बायका होत्या. एकजण तिच्याशी माहेर-सासर असं काहीतरी बोलत होती आणि ती मान हलवत होती.

तिने मला बघितलं. तोंड उघडलं. मोशी म्हणणार होती, ओठांवर आलेलं मला दिसलं. त्या बायकांत फोटो काढणारी ती बाई होती, तिने मला तव्यापाशी बघितलेलं होतं. आता मोशी ऐकलं की ती दुसरी मावशी कोण, हे तिला कळलं असतं.

मी मान फिरवली. तांदळाच्या पोत्यांच्या मागे गेले आणि पोत्यांवरची नावं वाचत उभी राहिले.

गाडीत भावजयीने विचारलं, "त्या टेबलवरच्या बाई तुमच्याकडे बघत होत्या. ओळखीच्या का, ताई?"

"नाही," मी म्हटलं.

आता मी त्या दुकानात जात नाही. भावजयीला वाटतं माझे गुडघे दुखतात. आणि त्या टेबलामागच्या तिला वाटत असेल मी तिच्यावर रागावले. तसं नाही हे तिला सांगायला माणूस नाही, जागा नाही, आणि तिच्या कामाच्या दृष्टीने तिला तसंच वाटलेलं बरं.